हलक्या ओझ्याचा हिशेब

दूरच्या प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती व्यवस्थेचा आहे. त्याचे उत्तर देताना माणूस सोयीचा विचार करतो. नीतीचा विचार तेथे येण्याचे काही कारण नाही, असेच त्याला वाटते. तथापि एखादी वस्तू हातात घेऊन, थोडी तोलून, तो ती पुन्हा फडताळात ठेवतो तेव्हा त्याने न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती वस्तू लागलीच, तर वाटेत कोठेतरी, कोणाकडून तरी मिळेल, ही ती गोष्ट. हलके ओझे हे अशा गृहीतांवर उभे असते. त्यातले कोणते गृहीत कोणाच्या जिवावर धरले आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुऱ्यात असे प्रवासी पुष्कळ भेटतात. एकेकाळी तळ्याकाठचे गाव, मग कारखान्यांची वसाहत, मग स्वतःची नगरपरिषद असलेली वस्ती आणि २००७ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झालेला शहराचा भाग, असा या जागेचा प्रवास आहे. बाह्य वळणरस्ता आणि व्हाइटफील्ड यांच्यामध्ये सापडल्यामुळे संगणकाच्या धंद्याने तिला गिळले. पुण्याहून, कोल्हापूरहून, लातूर-नागपूरहून नोकरीसाठी आलेली मराठी मुलेमुली येथे तीन-चार मजली घरांतून भाड्याने राहतात. त्यांच्याजवळ बहुधा दोन सॅक असतात. एक कचेरीची, संगणक वाहण्याची, दुसरी भटकंतीची. दुसरी भरण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. खाटेवर सगळ्या वस्तू मांडायच्या, मग त्यातल्या निम्म्या काढून टाकायच्या. कपडे तीन दिवसांचे घ्यायचे, प्रवास तीन आठवड्यांचा असला तरी. आणि शेवटी हातात धरायच्या काट्याला सॅक अडकवून ती सात किलोंच्या आत आहे ना, हे पाहायचे. सात किलो ही विमानात सोबत नेता येणाऱ्या सामानाची मर्यादा. पायी जाणाऱ्यानेही तीच प्रमाण मानावी, हा काळाचा महिमा म्हणायचा.

या शास्त्रात खोटे काही नाही. उष्ण प्रदेशात हिंडणाऱ्याला लोकर लागत नाही, जाड अंथरूण लागत नाही. रात्री धुतलेला सुती सदरा सकाळपर्यंत वाळतो. कोकणातल्या दमट हवेत तेवढा भरवसा धरता येत नाही, पण विदर्भात, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत तो दोरीवर टाकल्याटाकल्या सुकतो. टॉवेलाऐवजी पंचा घेतला तर तो अंग पुसतो, डोके झाकतो, भिजवून मानेभोवती गुंडाळला तर गारवा देतो आणि प्रसंगी गाळणीचे काम करतो. नऊशे मीटरहून अधिक उंचीवरच्या बंगळूरच्या सौम्य हवेला सरावलेल्या माणसाला हे शिकावे लागते, एवढेच. ऊन जसजसे चढते तसतसे सामान घटत जाते, आणि गणित फार सुरेख जमते आहे असे वाटू लागते.

एका पदार्थाने ते बिघडते. तो पदार्थ पाणी. उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर पाणी घामावाटे जाते. एक लिटर म्हणजे एक किलो. त्याला घडी घालता येत नाही, त्याचे पातळ वाणही निघत नाही. दिवसभराचे पाणी पाठीवर घ्यायचे म्हटले तर उरलेल्या सगळ्या सामानाइतकेच वजन पुन्हा चढते. म्हणून हलका प्रवासी एक बाटली घेतो आणि बाकीचे पाणी वाटेवर ठेवतो; म्हणजे वाटेवर ते आहे, असे मानतो. उष्ण देशातल्या हलक्या ओझ्याची सारी नीती या एका मानण्यात साठलेली आहे.

पूर्वीचे मराठी प्रवासी असे मानीत नसत. त्यांची लोखंडी ट्रंक, सुतळीने आवळलेली वळकटी, दशम्यांचे गाठोडे आणि फिरकीचा तांब्या यांची आजवर पुरेशी थट्टा झाली आहे. परंतु तो फिरकीचा तांब्या, ज्याचे झाकण आट्यांवर घट्ट बसते आणि हिंदकळले तरी थेंब सांडत नाही, तो केवळ गैरसोयीला घाबरणाऱ्या माणसाने घडवलेला नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या टिकतात हे खरे. पण पाण्याने भिजवलेल्या भाकरीपेक्षा त्या सोवळ्यात अधिक चालतात, हेही तितकेच खरे. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, याचा एक अदृश्य नकाशा प्रत्येक प्रवाशाच्या मनात असे, आणि त्या नकाशाची भीती त्या ओझ्यात बांधलेली असे. हे ओझे वाहणाऱ्याने स्वतःच्या शुद्धतेसाठी वाहिले. तोच नकाशा दुसऱ्या बाजूने कसा दिसत होता, हे समजायला १९०१ सालच्या एका प्रवासाकडे वळावे लागते.

तो प्रवास भीमराव आंबेडकर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. वडील सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, भरलेला खाण्याचा डबा. तयारीत कसूर म्हणून नव्हती. निघाल्याची वर्दी वडिलांपर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्थानकावरच्या माणसांची वागणूक पालटली. गाडीवानांपैकी कोणी तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर राजी झाला. अट एवढीच की, मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. वाटेत ओढ्याचे पाणी होते, ते शेणामुताने गढूळलेले, तोंडी घालता येणार नाही असे. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर, मुसलमान आहोत असे सांगून पाहिले तरी पाणी मिळाले नाही. डोंगरावर पाणी आहे, तेथे जा, एवढेच उत्तर आले. भरलेला डबा शेजारी ठेवून मुले उपाशी झोपली, कारण घास उतरायला पाणी नव्हते. ही हकिकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आणि त्या आठवणी १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या.

या प्रसंगाचा अर्थ अस्पृश्यतेच्या इतिहासात लावला जातो आणि तेच त्याचे पहिले स्थान आहे. परंतु प्रवासाच्या सामानाचा विचार करणाऱ्यानेही येथे थांबले पाहिजे. त्या मुलांनी जे बरोबर घेतले नव्हते ते वाटेवर भरपूर होते. डोंगरावर होते, वाटेवरच्या गावांत होते, नाक्यावरच्या माणसाच्या माठातही असले पाहिजे. त्यांच्या गणितात चूक नव्हती. वाट त्यांची नव्हती, एवढेच. त्याच वाटेने त्याच उन्हात एखादा भिक्षुक केवळ खांद्यावर पडशी टाकून निघाला असता, तर त्याला घरोघरी पाणीच काय, गूळही मिळाला असता, आणि त्याच्या निःसंगतेचे कौतुक झाले असते. अपरिग्रह हा सद्गुण खराच. पण तो आचरण्याची मुभा सगळ्यांना सारखी वाटलेली नव्हती. ज्याला वाटेवर पाणी मिळणार नाही त्याने हलके होऊन निघणे ही विरक्ती नव्हे, जिवाशी खेळ आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली, तेव्हा एका तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बजावला गेलाच; परंतु रिकाम्या हातांनी वाट चालण्याचा हक्कही तेव्हाच मागितला गेला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा दोष त्या समाजाचा होता, हलकेपणाचा नव्हे. ते बरोबर आहे. म्हणूनच हलकेपणाची जी सर्वांत शिस्तबद्ध परंपरा या देशात झाली तिच्याकडे पाहणे उपयोगाचे ठरते. बौद्ध भिक्षूला आठ वस्तूंची मुभा असे: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. आजच्या कोणत्याही भटक्याला हेवा वाटावा अशी ही यादी आहे. गाळण्यामागचा मुख्य हेतू पाण्यातले सूक्ष्म जीव पोटात जाऊ नयेत, म्हणजे ते मरू नयेत, असा होता. पिणाऱ्याचे रक्षण हा त्यातून झालेला लाभ. परंतु यादीपेक्षा महत्त्वाची आहे ती तिच्यामागची अट. भिक्षूने अन्न साठवून ठेवायचे नाही. म्हणजे त्याने रोज गृहस्थाच्या दारी जायचे, आणि आपण दुसऱ्याच्या कष्टावर जगतो हे रोज त्याच्या ध्यानात यायचे. पात्र रिकामे असते ते अवलंबून असल्याची कबुली म्हणून. शिवाय दारांची निवड त्याच्या हाती नसे. घरे वगळून श्रीमंताच्याच दारी जाणे शिष्टसंमत नव्हते.

गोव्यातील सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे करीत ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपात पोहोचले, तेथे विद्योदय विद्यालयात पाली शिकले आणि श्रामणेर झाले. काशीतले त्यांचे दिवस अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकण्यात गेले. अन्नछत्र हा विद्यार्थ्याला सर्वांत हलके करणारा भारतीय शोध म्हणता येईल. पण काशीची ही छत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. छत्रावरच्या पंगतीत जात पाहून पान मांडले जाई. भिक्षापात्राने निदान तत्त्वतः ती अट मोडली होती. कोणाच्याही हातचे घ्यायचे, हा त्याचा नियम. कोसंबींच्या प्रवासात ही दोन्ही टोके तीन-चार वर्षांच्या आत भेटतात, म्हणून त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी प्रवासवर्णन म्हणूनही वाचण्याजोगे आहे.

महादेवपुऱ्याच्या सॅककडे परत यावे तर तिचा हलकेपणा या दोहोंपैकी कोणत्याच प्रकारचा नाही. तिचा विश्वास जातीवर नाही, दात्यावर नाही, पैशावर आहे. जे घेतले नाही ते विकत मिळेल, असा तिचा हिशेब. पाणपोईच्या रांजणापाशी ओंजळ धरणाऱ्याला वाकावे लागते. बाटली विकत घेणाऱ्याला वाकावे लागत नाही. हे एका अर्थाने चांगलेच झाले. नाण्याला जात विचारता येत नाही, आणि मसूरच्या वाटेवर असे एखादे दुकान असते तर चार मुले जेवून झोपली असती, असे वाटून जाते. परंतु त्या मुलांजवळ पैसे होते, हे विसरता कामा नये. दुप्पट भाडे त्यांनी मोजलेच होते. नाण्यानेही वाट पुरती मोकळी केली नव्हती.

आणि जेथे नाणे नसते तेथे तर हलकेपणाचे रूपच पालटते. महादेवपुऱ्याच्या ज्या उंच इमारतींतून हे प्रवासी कामाला जातात, त्या बांधायला बिहार, बंगाल, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातून मजूर येतात. त्यांचे सामानही थोडेच असते: एक पिशवी, एक गोणपाट, पुष्कळदा रंगाची रिकामी बादली, जिच्यात कपडे भरतात आणि रेल्वेत जागा न मिळाली तर जिच्यावर बसता येते. अतिशय युक्तीचे सामान आहे ते. २०२० च्या मे महिन्यात कर्नाटक सरकारने परराज्यांत जाणाऱ्या गाड्या काही दिवस थांबवल्या, तेव्हा याच शहरातून लोक ही ओझी घेऊन पायी निघाले. त्याच आठवड्यात, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने चाललेले आणि थकून रुळांवरच झोपलेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिली. शिदोरी बरोबर होती. वाटेवर जे असावे म्हणून माणूस गृहीत धरतो, ते बाकीचे काहीच नव्हते. या प्रवासाला हलका म्हणवत नाही, जरी काट्यावर त्यांचे गाठोडे सात किलोंच्या आतच भरले असते.

पंढरीच्या वारीचे उदाहरण येथे दिले जाते. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा तिच्यापर्यंत आल्यावाचून राहत नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ एवढ्यानिशी चालतो, हे चित्र मनोहर आहे. पण अपुरे आहे. दिंडीमागून ट्रक येतात. त्यांत राहुट्या, वळकट्या, धान्य आणि मोठाली पातेली असतात. पाण्याचे टँकर वेगळे. वारकऱ्याचे सामान नाहीसे झालेले नाही, ते मागे ठेवले आहे. यात लपवण्यासारखे काही नाही, कारण भिशी सगळ्यांनी मिळून भरलेली असते आणि कोण काय वाहतो हे सगळ्यांना दिसते. उलट दिंडीत एक गोष्ट हटकून आढळते, जी हलक्या ओझ्याच्या शास्त्रात बसत नाही. काही बायांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते, आणि काहींच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. ट्रक जवळ असताना हंडा डोक्यावर कशासाठी? चालताना ज्याला तहान लागेल त्याला तेथल्या तेथे द्यायला. घाट चढताना तो हंडा वाहणारी बाई स्वतःपुरते पाणी घेऊन निघाली असती तर तिला तांब्या पुरला असता.

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला. वाटेत बंड पेटले. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, पुन्हा पुन्हा लुटले गेले. अडीच-तीन वर्षांनी घरी परतले तेव्हा कमाई म्हणावी असे जवळजवळ काही उरले नव्हते. लुटारूंनी त्यांचे सामान इतके हलके केले होते, की आजच्या शास्त्रालाही आणखी काही कमी करता आले नसते. तरी त्या अवस्थेत त्यांनी एक वजन उचलले आणि ते कोकणापर्यंत आणले: गंगेचे पाणी. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांचे हे वृत्त चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. गंगोदकाच्या पावित्र्यावर ज्याचा विश्वास नाही, त्यालाही हा प्रसंग सोडून पुढे जाता येत नाही. शेकडो कोसांच्या वाटेवर, वाटेत नद्या असताना, जे पाणी प्यायचे नाही ते वाहून आणायचे, हे हलकेपणाच्या कोणत्याही हिशेबाने वेडेपण ठरते. परंतु गोडसे भटजींच्या साऱ्या प्रवासात त्यांच्यापासून कोणी हिरावून न घेतलेली वस्तू ती एकच होती, आणि ती त्यांची नव्हती, आईवडिलांची होती.

महादेवपुऱ्यात नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, पंपांनी चढ चढवून बंगळूरला आणावे लागते, आणि शहराच्या या कडेला ते बराच काळ नीट पोहोचलेच नव्हते. कूपनलिका आणि टँकर यांवर येथली घरे चालत आली. २०२४ च्या मार्च महिन्यात कूपनलिका आटल्या, टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले, पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. महादेवपुरा हा तेव्हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. लाखो माणसांनी पाणी बरोबर न घेता येऊन वसवलेली ही जागा आहे. म्हणजे अवघी वस्तीच हलक्या सामानाने निघालेल्या प्रवाशासारखी आहे, आणि तिचे पाणी कोणीतरी मागून वाहून आणतो आहे.

पिण्याचे पाणी येथे वीस लिटरच्या कॅनमधून येते. तीनचाकी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. एक पोरगेलासा माणूस कॅन खांद्यावर घेतो आणि जिना चढू लागतो. कॅन धरून एकवीस किलोंच्या आसपास, म्हणजे तीन सॅकांचे वजन. तिसऱ्या मजल्यावर दार उघडे असते, खाटेवर मांडलेल्या वस्तूंपैकी कोणती काढावी याचा विचार चाललेला असतो, आणि कॅन आत येतो. रिकामा कॅन हातात घेऊन तो माणूस उतरतो. उतरता उतरता एका पायरीवर थांबून तो खांद्यावरचा ओला पंचा पिळतो.